तोच पत्ता, तोच माणूस : पीएचपीमधले ऑब्जेक्ट शिकताना

आजचा विषय जाहीर झाल्यावर मला दोन-तीन फोन आले. "सर, विषय छापताना काही चूक झालीय का?" चूक झालेली नाही. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, डॉक्टरेटही त्यातच, आणि एकाहत्तराव्या वर्षी पीएचपी नावाची संगणकाची भाषा शिकायला बसलो. हौस म्हणून नाही बरं का, गळ्यात पडली म्हणून.

झालं असं, की आमच्या वाचनालयाची सभासदांची यादी एका मुलानं संगणकावर करून दिली होती. साधंच काम. ब्राउझरमध्ये पान उघडायचं, सभासदाचं नाव, पत्ता, वर्गणी भरली की नाही, कुठलं पुस्तक नेलंय, हे दिसायचं. त्याला नोकरी लागली, तो परगावी गेला. कार्यकारिणीत विषय निघाला की आता हे बघणार कोण. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, तुम्ही घरीच असता." निवृत्त माणसाला याच्यावर उत्तर नसतं.

तर आज मी तुम्हाला पीएचपी शिकवणार नाही. त्यासाठी माझ्यापेक्षा चांगली माणसं आहेत. मला सांगायची आहे ती एकच अडचण, जी मला शिकताना आली, आणि जी आल्यावर मला वाटलं, अरे, ही तर आपल्याच घरातली अडचण आहे. ती अडचण म्हणजे 'तोच' या शब्दाचा अर्थ.

थोडी पार्श्वभूमी. पीएचपी सुरू केली रासमुस लेरडॉर्फ यांनी, १९९४ साली. ग्रीनलंडमध्ये जन्मलेला हा माणूस. स्वतःच्या वेब पानावर किती लोक येऊन जातात हे मोजायला त्यानं काही छोटे प्रोग्राम लिहिले, १९९५ मध्ये ते सगळ्यांना खुले केले. म्हणजे भाषा करायची असं ठरवून ती झाली नाही. घराला एकेक खोली वाढवत जावं तशी ती वाढली. ऑब्जेक्ट, क्लास वगैरे तिच्यात आधी नव्हते. १९९८ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांची थोडी सोय झाली, आणि २००४ च्या जुलैमध्ये पाचवी आवृत्ती आली तेव्हा ती सोय नीट झाली. ही २००४ ची गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

ऑब्जेक्टची कल्पना मात्र त्याहून जुनी. नॉर्वेत ऑस्लोला क्रिस्टन निगार्ड आणि ओले-योहान दाल या दोघांनी १९६० च्या दशकात सिम्युला नावाची भाषा केली. खऱ्या जगातल्या घडामोडींची नक्कल संगणकात करायची, हा तिचा हेतू. मग त्या जगातल्या वस्तू संगणकात याव्या लागल्या. 'ऑब्जेक्ट-ओरिएंटेड' हे नाव पुढे ॲलन के यांनी दिलं. एका पुस्तकात मी याचं मराठी 'वस्तुनिष्ठ प्रोग्रामिंग' असं वाचलं. वस्तुनिष्ठ! जणू बाकीचे प्रोग्रामर व्यक्तिनिष्ठ लिहितात. (हशा) आपण सरळ 'ऑब्जेक्ट' म्हणू या.

आता त्या मुलानं केलेली यादी कशी होती? त्यानं प्रत्येक सभासदासाठी एक ॲरे केला होता. ॲरे म्हणजे कार्डच समजा. एका बाजूला 'नाव', 'पत्ता', 'वर्गणी' असं लिहिलेलं, समोर माहिती. सगळी कार्डं मिळून एक मोठा ॲरे, आणि तो एका फाइलमध्ये ठेवलेला. डेटाबेस वगैरे काही नाही. साडेतीनशे-चारशे सभासदांना लागतोय कशाला?

हे उत्तम चाललं होतं. पण मी पुस्तकं वाचली. पुस्तकात लिहिलेलं की ॲरेवर काम करणं मागासलेपणाचं, क्लास लिहा. नवं शिकलेल्या माणसाचा उत्साह तुम्हाला ठाऊक आहे. मी चालू घड्याळ उघडलं.

क्लास म्हणजे काय ते दोन मिनिटांत सांगतो. सगळी पुस्तकं साच्याचा दृष्टान्त देतात. क्लास हा साचा, ऑब्जेक्ट हा मोदक. मला तो पटत नाही. मोदक साच्यातून निघाला की त्याचा साच्याशी संबंध संपतो. ऑब्जेक्टचं तसं नाही. सभासदाला 'तुझी थकबाकी सांग' म्हटलं, तर थकबाकी कशी काढायची हे त्या ऑब्जेक्टच्या खिशात नसतं, ते क्लासमध्ये असतं. ऑब्जेक्टकडे असते फक्त त्याची स्वतःची माहिती: नाव, पत्ता, भरलेली रक्कम. म्हणून क्लास ही वाचनालयाची नियमावली आहे असं समजा. प्रत्येक सभासद तिची प्रत घेऊन हिंडत नाही. ती कपाटात एकच असते आणि प्रत्येक वेळी तिच्यात बघावं लागतं. नियम बदलला की सगळ्यांना एकदम लागू. माझ्या मते सगळ्या खटाटोपाचा पहिला फायदा हाच.

फळ्यावर मी सगळं देवनागरीत लिहितोय. 'क्लास', 'न्यू', 'क्लोन' हे शब्द मशीनला रोमन लिपीतच द्यावे लागतात. पण आपण ठेवलेली नावं, म्हणजे व्हेरिएबलची, क्लासची, ती पीएचपीत देवनागरीत चालतात. मी तशीच ठेवली. माझा एक जुना विद्यार्थी या धंद्यात आहे, तो हसला, म्हणाला, "सर, असं कुणी करत नाही." मी म्हटलं, अरे, या भाषेत दोन टिंबं दोनदा काढायला चुकलो तर ती मला 'पामायिम नेकुदोतायिम' असं काहीतरी म्हणायची. मला वाटलं शिवी आहे. तर ते हिब्रू निघालं, कारण तिसऱ्या आवृत्तीपासून भाषेची पुनर्रचना करणारे झीव्ह सुरास्की आणि अँडी गुटमन्स इस्राएलचे. त्यांना हिब्रू चालतं, मला मराठी का चालू नये?

असो. मी 'सभासद' नावाचा क्लास लिहिला आणि कार्डांचे ऑब्जेक्ट केले. फाइलमध्ये आता ॲरेच्या जागी ऑब्जेक्ट. बाकीच्या ओळी शक्यतो होत्या तशाच ठेवल्या. आठवडाभर काही झालं नाही. मी खूश.

मग एक दिवस आमचे एक जुने सभासद आले. ऐंशीच्या पुढचे, सगळे त्यांना काका म्हणतात. काठी टेकत टेबलापाशी आले आणि म्हणाले, "प्रोफेसर, मी गेलो का?" मला कळेना. ते म्हणाले, "तुमचा मुलगा सांगतो, माझं नाव यादीत नाही. माझ्या मुलीचं दोनदा आहे." मुलगा म्हणजे पुस्तकं देणारा. मी पाहिलं, खरंच. काका नाहीत. त्यांची मुलगी मात्र दोनदा, लागोपाठच्या क्रमांकांना, आणि तिच्या नावावर काकांनी नेलेली तीन पुस्तकं.

काय झालं होतं? आदल्या दिवशी मुलीनं सभासदत्व घेतलं. त्या पूर्वीच्या मुलानं एक सोय करून ठेवली होती: घरातला दुसरा माणूस सभासद झाला, तर पहिल्याचं कार्ड उचलायचं, त्याची नक्कल करायची, नाव बदलायचं. पत्ता, फोन परत लिहायला नको. ती सोय अशी होती:

$मुलगी = $काका;

आणि पुढच्या ओळीत मुलीचं नाव घालायचं. ॲरे होता तोवर हे बिनचूक होतं. कारण पीएचपीत ॲरेच्या बाबतीत 'बरोबर'च्या चिन्हाचा अर्थ 'नक्कल करून दे' असा होतो. दुसरं कार्ड तयार होतं, त्याच्यावर काहीही लिहा, पहिलं शाबूत. मी ॲरेचा ऑब्जेक्ट केला आणि ती ओळ तशीच राहिली. आता तिचा अर्थ झाला, 'काका' हे नाव ज्याला आहे, त्यालाच 'मुलगी' हे आणखी एक नाव द्या. माणूस एक, नावं दोन. मग नाव बदलल्यावर काका कुठे उरणार?

व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. व्हेरिएबलमध्ये असतो ऑब्जेक्टपर्यंत पोचायचा पत्ता. ते लोक त्याला 'हँडल' म्हणतात. मी उतरवून घेतला तो हँडल. आणि आता २००४ आठवा. त्याआधीच्या चौथ्या आवृत्तीत ऑब्जेक्टचीसुद्धा नक्कलच होत असे. म्हणजे माझी ओळ वीस वर्षांपूर्वी बरोबर ठरली असती! ती बरोबर की चूक हे ओळ वाचून कळत नाही, 'बरोबर'च्या चिन्हाचा करार काय आहे यावर ठरतं. आमच्या विषयात यावर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. 'आहे' या क्रियापदाचे किती अर्थ होतात, विचारू नका.

काकांची माहिती मी कागदी रजिस्टरवरून परत भरली. रजिस्टर आम्ही अजून बंद केलेलं नाही, आणि माझ्या हयातीत करू देणार नाही.

आता दोन चिन्हं पाहू. पीएचपीत बरोबरीची तपासणी दोन प्रकारची आहे. दोन बरोबर-चिन्हं जोडून लिहिली, की प्रश्न असा: हे दोन ऑब्जेक्ट एकाच क्लासचे आहेत का आणि त्यांची सगळी माहिती सारखी आहे का? तीन लिहिली, की प्रश्न वेगळा: हे दोन आहेत की एकच आहे? पहिला प्रश्न 'सारखा' याचा. दुसरा 'तोच' याचा. मराठीत आपण हे सर्रास मिसळतो. "तुझ्याकडे आहे तीच साडी मला घ्यायचीय" असं म्हणणारी बाई मैत्रिणीची साडी पळवणार नसते.

लायब्निझचं म्हणणं होतं, की सर्व बाबतींत सारख्या अशा दोन वस्तू असूच शकत नाहीत. सर्व सारखं असेल तर ती एकच वस्तू. म्हणजे लायब्निझ पीएचपीत असता तर त्यानं तिसरं बरोबर-चिन्ह काढून टाकलं असतं. १९५२ मध्ये मॅक्स ब्लॅक यांनी याला एक सुंदर प्रतिप्रश्न केला. कल्पना करा, अख्ख्या विश्वात फक्त दोन लोखंडी गोळे आहेत. आकार, वजन, रंग, सगळं एकसारखं. एकमेकांपासून अंतरावर आहेत. यातल्या एकाबद्दल जे म्हणाल ते दुसऱ्याबद्दलही खरं. तरी ते दोन आहेत की नाही?

हे वाचताना मला कणादांचे वैशेषिक आठवतात. त्यांच्यासमोर हाच प्रश्न होता, फक्त गोळ्यांच्या जागी परमाणू. पृथ्वीचे दोन परमाणू, गुण तेच, जाती तीच. मग ते दोन कशावरून? त्यांनी उत्तर दिलं: प्रत्येकात एक 'विशेष' असतो. हा विशेष म्हणजे गुण नव्हे. तो त्या परमाणूला दुसऱ्यापासून वेगळं करतो, बाकी काही करत नाही. विद्यार्थिदशेत मला हे उत्तर म्हणजे पळवाट वाटायची. प्रश्नालाच नाव देऊन उत्तर म्हणून खपवलंय असं वाटायचं. वर्गात मी तसं शिकवलंही, आता कबूल करतो. पण पीएचपी नेमकं हेच करतं. दोन सभासद-ऑब्जेक्ट, माहिती अक्षरन्‌अक्षर सारखी, तरी दोन. कारण तयार होताना प्रत्येकाला एक अंतर्गत क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक सभासदाच्या माहितीचा भाग नसतो. सातव्या आवृत्तीच्या ७.२ पासून तो क्रमांक विचारायचं एक फंक्शनही आहे. तो काहीच सांगत नाही, एवढंच सांगतो की हा तो नव्हे. ज्यांना दोन सारख्या गोष्टींचा हिशेब ठेवायचाय, त्यांना विशेष मानावाच लागतो असं आता मला वाटतं. पळवाट नव्हती ती.

हां, आता दुरुस्ती. पुस्तकात उपाय होता: 'क्लोन' लिहा.

$मुलगी = क्लोन $काका;

आता खरोखर दुसरा ऑब्जेक्ट झाला. मुलीचं नाव बदललं, काका जिवंत. मी ते करून टाकलं आणि चहा प्यायलो.

पाच-सहा महिने गेले. मुलीचं लग्न झालं, ती नाशिकला गेली. सभासदत्व तिनं चालू ठेवलं, येता-जाता पुस्तकं नेते. तिनं फोन करून सांगितलं, माझा पत्ता बदललाय. टेबलावरच्या मुलानं तो बदलला. पुढच्या महिन्यात वर्गणीची पत्रं गेली. काकांचं पत्र नाशिकला गेलं.

काका पुन्हा आले. या वेळी काही बोलले नाहीत, नुसता लिफाफा टेबलावर ठेवला. मुलीनं तो आणून दिला होता.

झालं होतं असं. दरम्यान माझा उत्साह आणखी वाढलेला, त्यामुळे मी पत्त्याचासुद्धा क्लास केला होता. घर क्रमांक, रस्ता, गाव, पिन. सभासद-ऑब्जेक्टच्या आत पत्ता-ऑब्जेक्ट. 'क्लोन' काय करतं? सभासदाची नक्कल करतं. पण सभासदाच्या आत पत्ता नाहीच, पत्त्याचं हँडल आहे. नक्कल झाली ती हँडलची. म्हणजे सभासद दोन झाले, पत्ता एकच राहिला, दोघांनी वाटून घेतलेला. फाइलमध्ये ठेवताना पीएचपी इमानदारीनं हेही नोंदवतं की दोघांचा पत्ता तोच आहे, म्हणून महिन्यांनंतरही ती भागीदारी टिकली. याला ते उथळ नक्कल म्हणतात.

यावर पुस्तकी उपाय असा, की क्लासमध्ये क्लोनसाठी एक खास मेथड लिहा आणि तिच्यात पत्त्याचीही वेगळी नक्कल करा. खोल नक्कल. माझ्या विद्यार्थ्यानं तेच सुचवलं. पण मी थोडा थांबलो, कारण मला वाटलं की चूक नकलेत नाहीये.

ही चूक कुठे झाली ते नीट बघा. लग्नाआधी बाप-लेक एका घरात राहत होते. त्यांचा पत्ता सारखा होता की तोच होता? तोच होता. घर एकच. म्हणजे दोघांनी एक पत्ता वाटून घेतला यात खोटं काही नव्हतं. मग चुकलं कुठे? "तिचा पत्ता बदलला" या वाक्यात. मराठीत हे वाक्य दोन अर्थांनी घेता येतं. एक, तो पत्ता होता तोच, पण त्याच्यात बदल झाला. दोन, तिला आता वेगळा पत्ता लागला. काकांचं घर उठून नाशिकला गेलं नव्हतं! मुलगी गेली होती. पण मी लिहिलेली ओळ म्हणत होती: मुलीचा जो पत्ता आहे, त्याच्या आत जा आणि 'गाव' खोडून 'नाशिक' लिहा. म्हणजे माझ्या प्रोग्रामनं घर हलवलं. घरात जे जे राहत होते ते सगळे हलले.

सभासद आणि पत्ता या दोन जातींच्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा दिसलं. काकांचं नाव चुकीचं पडलं होतं ते दुरुस्त केलं, फोन बदलला, पत्ता बदलला, वर्गणी भरली, काका तेच. एकेक करून सगळी माहिती बदलली तरी तेच. थीसियसच्या जहाजाची गोष्ट तुम्ही ऐकलीय, एकेक फळी बदलत गेलेलं जहाज. सभासद जहाजासारखा आहे. पत्त्याचं तसं नाही. पत्त्यातलं गाव बदलाल तर तो बदललेला पत्ता नसतो, दुसराच पत्ता असतो. पत्ता म्हणजे त्याची माहिती, बाकी काही नाही. त्याला विशेष नाही. सात या संख्येत एक मिळवल्यावर सात बदलून आठ होत नाही. आठ ही दुसरी संख्या. एरिक इव्हान्स यांच्या २००३ मधल्या एका पुस्तकात याच दोन प्रकारांना नावं आहेत, एंटिटी आणि व्हॅल्यू ऑब्जेक्ट. मी ते नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर काकांचा लिफाफा वाचला असता. पण मग ते मला नुसतं पाठ झालं असतं.

म्हणून मी खोल नक्कल केली नाही. मी पत्ता 'रीडओन्ली' केला. आवृत्ती ८.१ पासून ही सोय आहे: ऑब्जेक्ट तयार होताना एकदा काय लिहायचं ते लिहा, नंतर कुणी हात लावला तर प्रोग्राम तिथेच थांबून तक्रार करतो. आता मुलगी नाशिकला गेली, तर तिच्यासाठी नवा पत्ता-ऑब्जेक्ट करायचा आणि तो तिला द्यायचा. दुसरी वाटच नाही. बाप-लेकींनी एक पत्ता वाटून घेतला तरी हरकत नाही. जे बदलत नाही ते कितीही जणांनी वाटावं.

एका गृहस्थांनी मघाशी चिठ्ठी पाठवलीय: "रस्त्याचं नाव बदललं तर?" वा. आपल्याकडे रस्त्यांची नावं बदलतात, गावांची बदलतात, आणि तेव्हा मात्र पत्ता खरंच जागच्या जागी बदलतो, तिथं राहणाऱ्या सगळ्यांचा एकदम. नगरपालिकेसाठी प्रोग्राम लिहीत असतो, तर मी पत्त्याला सभासदासारखंच वागवलं असतं, त्याला विशेष दिला असता. वाचनालयाच्या यादीत मला ते परवडत नाही. तसं झालंच तर दहा-बारा पत्ते हातानं बदलीन. म्हणजे पत्ता मुळात कोणत्या प्रकारचा, याचं उत्तर पत्त्यात नाही. तुम्ही कशासाठी विचारताय त्यात आहे. हे पीएचपी तुम्हाला सांगणार नाही. दोन्ही प्रकारे लिहिलेलं ती निमूटपणे चालवते.

तारखांचंही असंच. पीएचपीत तारखेचा जुना क्लास आहे, 'डेटटाइम'. त्यात पुस्तक दिल्याची तारीख ठेवली, परतीची तारीख काढायला तीच दुसऱ्या नावानं घेतली आणि १५ दिवस मिळवले, की दिल्याची तारीखही पुढे सरकते. पुस्तक परत करण्याच्या दिवशी नेलं, असं दिसतं. वास्तविक तारीख कधी बदलते का? दोन तारीख ही दोन तारीखच. ५.५ मध्ये 'डेटटाइम इम्युटेबल' आला, त्यात १५ दिवस मिळवले की नवी तारीख हातात येते आणि जुनी तशीच राहते. तो वापरा, मी दुसरा वापरणं सोडलंय.

आता एक शंका तुमच्या मनात आली असेल, नसेल तर यायला हवी. मी म्हटलं, प्रत्येक ऑब्जेक्टला अंतर्गत क्रमांक असतो. तो किती टिकतो? पीएचपीत फार कमी. कुणी पान उघडलं, की प्रोग्राम सुरू होतो, फाइल वाचतो, सगळे सभासद-ऑब्जेक्ट जन्माला येतात, पान तयार होऊन ब्राउझरकडे जातं, आणि सगळे ऑब्जेक्ट नाहीसे होतात. पुढच्या माणसानं पान उघडलं, की पुन्हा सगळं पहिल्यापासून. बौद्धांचा क्षणिकवाद इतका तंतोतंत पाळणारी दुसरी गोष्ट मी पाहिलेली नाही. आणि ऑब्जेक्ट नाहीसा झाल्यावर त्याचा क्रमांक दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, एकाच फेरीतसुद्धा.

मग सकाळचे काका आणि संध्याकाळचे काका एकच, हे कशावरून? तीन बरोबर-चिन्हं इथे कामाची नाहीत; ती एका फेरीपुरती. दोन बरोबर-चिन्हंही नाहीत, कारण मधे काकांनी फोन बदलला असेल. इथे लागतो आपण दिलेला सभासद क्रमांक. हा विशेष मशीनचा नाही, आमच्या रजिस्टरचा. तो कधी बदलायचा नाही, आणि सभासद गेला तरी दुसऱ्याला द्यायचा नाही. क्लासमध्ये मी सगळ्यात आधी तो लिहिला आणि रीडओन्ली केला. नाव रीडओन्ली केलं नाही. लग्नानंतर बदलतं, आणि बदललं नाही तरी टेबलावरचा मुलगा चुकीचं लिहितो.

वारशाबद्दल, म्हणजे एका क्लासपासून दुसरा क्लास काढण्याबद्दल, लोक फार बोलतात. मी थोडंच बोलणार आहे. मी 'आजीव सभासद' हा 'सभासद'पासून काढलेला क्लास केला. आजीव सभासद हा सभासद आहेच, वर त्याला वर्गणी नाही. तर्कशास्त्राच्या दृष्टीनं निर्दोष. मग एका साध्या सभासदानं पैसे भरले आणि तो आजीव झाला. आता काय करायचं? पीएचपीत ऑब्जेक्टचा क्लास जन्माच्या वेळी ठरतो आणि अखेरपर्यंत बदलत नाही. जात जन्मावरून, कायमची! असल्या व्यवस्थेशी आपण महाराष्ट्रात किती पिढ्या भांडलो, आणि मी ती वाचनालयात आणून ठेवली. मी तो क्लास काढून टाकला. आता सभासद एकाच प्रकारचा, आणि त्याच्याजवळ 'वर्गणी योजना' नावाचा वेगळा ऑब्जेक्ट असतो, तो हवा तेव्हा बदलता येतो. माणूस तोच, योजना दुसरी. नैयायिक 'जाती' म्हणतात ती वस्तूत कायम असते, हे ठीक. पण गाईत गोत्व असतं म्हणून सभासदात आजीवत्व असतंच असं नाही. ते पावतीत असतं.

वेळ होत आलीय. मागच्या रांगेतल्या ताईंचा प्रश्न घेतो आणि थांबतो. त्या विचारताहेत, "आमच्या घरात एक कार्ड आहे, आम्ही दोघंही त्यावर पुस्तकं आणतो. तुमच्या यादीत आम्ही एक की दोन?"

ताई, सध्या तुम्ही एक आहात. नाव यजमानांचं आणि वाचणाऱ्या तुम्ही, असंच असणार. (हशा) गंमत सोडा, हा प्रश्न मी कार्यकारिणीपुढे ठेवलाय. सभासद म्हणजे माणूस की कार्ड, हे आमच्या घटनेत कुठे लिहिलेलंच नाही. आजवर गरज पडली नव्हती. माणूस असेल तर मतदानाला तुम्ही दोघं येणार, आणि काही मंडळींना ते चालणार नाही. कार्ड असेल तर मग कार्डाचा वेगळा क्लास करावा लागेल आणि एका कार्डाला दोन माणसं जोडावी लागतील. लिहायला अर्ध्या तासाचं काम आहे. पण काय लिहायचं ते येत्या रविवारच्या सभेत ठरेल, साडेदहाला. तुम्ही दोघंही या.